चित्र सात आणि चित्र आठ यांच्या मधे काय होतं?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या वाचक ४९ वर्षांच्या आहेत, एका जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कार्यालयाच्या लेखा विभागात नोकरी करतात. दोन वर्षांपूर्वी पुण्यात आठवडाभराचं ताई चीचं, म्हणजे संथ लयीतल्या चिनी युद्धकला-व्यायामाचं, शिबिर केलं आणि ते मनात भरलं. २४ हालचालींचा जो संच सगळीकडे शिकवतात, त्यातल्या पहिल्या नऊ तिथे झाल्या. गावात शिकवणारं कोणी नाही, म्हणून त्यांनी पुस्तकं मागवायला सुरुवात केली. आता कपाटाचा एक कप्पा भरलाय. तरी दहावी हालचाल जमत नाही आणि उजवा गुडघा कुरकुरायला लागलाय. यजमान म्हणतात, "पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलंय का?" आता त्यांना ऑनलाइन एक पेटी दिसली आहे: जुन्या, 'अस्सल' चिनी ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांचा संच, त्यात बौद्ध भिक्षू बोधिधर्मानं लिहिलेला म्हणतात तो ग्रंथही आहे. किंमत साडेचौदा हजार. ती घ्यावी का, पुस्तकावरून खरंच शिकता येतं की नाद सोडावा, आणि भिशीतल्या मैत्रिणी 'आम्हालाही शिकव' म्हणून मागे लागल्यात त्यांना शिकवावं का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

ताई,

पेटीचं आधी सांगून टाकते: घेऊ नका. त्या पैशांतले थोडे दुसरीकडे खर्च करायला मी पुढे सांगणारच आहे, बाकीचे बँकेत राहू द्या.

पण 'घेऊ नका' म्हणून मोकळं होता येत नाही, कारण तुमच्या पत्रात 'मूळ पुस्तक' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. तुमची समजूत अशी दिसते की कुठेतरी एक जुना, अस्सल ग्रंथ आहे, त्यात सगळं नीट लिहून ठेवलंय, नंतरच्या लोकांनी त्यात पाणी घातलं, आणि आपल्या कपाटात नेमकी पाणी घातलेली पुस्तकं आल्यामुळे आपलं घोडं दहाव्या हालचालीशी अडलंय. असं वाटणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. या पेट्या विकणाऱ्यांचा धंदा याच समजुतीवर चालतो. तेव्हा जुनं म्हणजे नेमकं काय आहे, ते आधी पाहू.

चिनी हातघाईच्या विद्येवर चित्रांसकट जे जुनं लिखाण टिकलंय, त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं एका सेनापतीचं आहे. छी जिग्वांग त्याचं नाव. मिंग राजवटीत चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चाच्यांनी धुमाकूळ घातला होता. त्यांच्याशी लढायला यानं साध्या गावकऱ्यांतून फौज उभी केली आणि १५६० च्या सुमारास सैन्य कसं घडवावं यावर पुस्तक लिहिलं. त्यात एक प्रकरण निःशस्त्र लढण्यावर आहे: ३२ पवित्रे, प्रत्येकाचं चित्र आणि सोबत पद्याच्या ओळी. तुमची नववी हालचाल, 'एकेरी चाबूक', तिचं नाव त्या ३२ मध्ये सापडतं. साडेचारशे वर्षांपूर्वीच्या फौजेतलं नाव आपण सकाळी गच्चीवर गिरवतो, हे वाचून अंगावर काटा येतो हे मीही मान्य करते. पण सेनापती स्वतः काय सांगतो? मोठ्या लढाईत या हातापायांच्या कसरतींचा फारसा उपयोग नाही, नवख्याचं अंग सुटायला मात्र बऱ्या. पुढे १५८४ च्या नव्या आवृत्तीत त्यानं ते प्रकरण काढूनच टाकलं. ज्याला आपण मूळ म्हणून डोक्यावर घ्यायचं, ते लिहिणाऱ्यालाच ठेवावंसं वाटलं नाही!

आता पेटीतला बोधिधर्म. तुम्ही लिहिलंय, 'शेवटी ही विद्या आपल्याकडूनच तिकडे गेली ना?' हे वाक्य मी सोशल मीडियावर इतक्यांदा वाचलंय की त्याला हात लावताना थोडी धास्तीच वाटते. बोधिधर्माच्या नावावर खपणारा हा ग्रंथ म्हणजे 'यीजिन जिंग', स्नायू आणि कंडरा पालटण्याचा ग्रंथ. त्याला इ.स. ६२८ ची तारीख घातलेली, एका नामवंत सेनापतीच्या नावची प्रस्तावना जोडलेली आहे. ती बनावट आहे. ग्रंथाचा माग १६२४ च्या पलीकडे जात नाही, आणि तो लिहिणारा ताओपंथी होता असं अभ्यासक मानतात. ही चिरफाड कोणा परक्यानं केलेली नाही. अठराव्या शतकातल्या चिनी पंडितांनीच त्या प्रस्तावनेची टर उडवली होती, आणि तांग हाओ या अभ्यासकानं १९३० मध्ये शाओलिन मठ आणि वुदांग पर्वत इथल्या युद्धकलेच्या दंतकथा एकेक करून कागदपत्रांवर घासून पाहिल्या. खुद्द बोधिधर्माचा सगळ्यांत जुना उल्लेख ५४७ सालच्या एका चिनी पुस्तकात येतो आणि तिथे त्याला इराणकडचा भिक्षू म्हटलंय. दक्षिण भारतातला म्हणणारी परंपराही जुनी आहे. पण या दोन्हींत तो कोणाला ठोसे मारायला शिकवतोय असं कुठेही नाही. शाओलिन मठात ७२८ सालचा शिलालेख आहे. त्यात मठातल्या भिक्षूंनी ६२१ मध्ये पुढे सम्राट झालेल्या ली शिमिनला लढाईत मदत केल्याची नोंद आहे, पण त्यांनी कोणते डाव वापरले याबद्दल अक्षर नाही. शाओलिनच्या विद्येचं पहिलं तपशीलवार पुस्तक सतराव्या शतकाच्या सुरुवातीचं, चेंग झोंगयोउ नावाच्या, मठात दहा वर्षांहून जास्त काळ शिकलेल्या गृहस्थाचं. आणि तेही लाठीवर!

यीजिन जिंगमधले व्यायाम म्हणून टाकाऊ ठरत नाहीत. लोक ते आजही करतात आणि त्यांना बरं वाटतं. फक्त 'बोधिधर्माचा ग्रंथ' या दोन शब्दांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पेटीतली उरलेली पुस्तकं बहुतेक १९१० ते १९३७ या काळातली असणार, आणि हा काळ मला स्वतःला फार आवडतो. राजेशाही याच काळात गेली, देश दुबळा झालाय अशी बोच होती, आणि शरीर कमावणं हे देशकार्य झालं होतं. शांघायमध्ये १९१० ला जिंगवू ही युद्धकला शिकवणारी संस्था निघाली, नानजिंगला १९२८ मध्ये सरकारी पाठबळावर केंद्रीय संस्था उभी राहिली. आपल्याकडच्या व्यायामशाळांच्या चळवळीशी हे किती जुळतं ते पाहा. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा संघ देशी खेळ दाखवायला गेला होता, आणि त्याच बर्लिनमध्ये चिनी पथकानंही आपल्या विद्येची प्रात्यक्षिकं केली. दोघांनी एकमेकांचं पाहिलं असेल का, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. असो.

या काळात छायाचित्रं छापणं स्वस्त झालं आणि वस्तादांनी पुस्तकं काढायचा सपाटा लावला. सुन लुतांग यांनी शिंगयी आणि बाग्वा या दोन चिनी युद्धकलांवर १९१५ आणि १९१६ मध्ये, आणि ताई चीवर १९२१ मध्ये पुस्तक लिहिलं. या तिन्ही विद्या एका माणसात मुरल्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या पुस्तकातली ताई ची ही त्यांची स्वतःची, नवी शैली आहे. ताई चीच्या चेन घराण्यातले चेन शिन १९०८ पासून १९१९ पर्यंत एका हस्तलिखितावर खपले, १९२९ ला गेले, आणि पुस्तक छापून आलं १९३३ मध्ये. यांग शैलीचे वस्ताद यांग चेंगफू यांची गोष्ट तर तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. त्यांचे शिष्य चेन वेइमिंग यांनी १९२५ मध्ये गुरूंच्या शिकवणीचं पुस्तक काढलं, त्यात गुरूंची छायाचित्रं आहेत. पुढे १९३१ आणि १९३४ मध्ये यांग यांच्या स्वतःच्या नावावर पुस्तकं आली, त्यांतली छायाचित्रं नंतरची. माणूस तोच, विद्या तीच, पण दोन्ही वेळच्या छायाचित्रांत हात-पाय त्याच जागी नाहीत. आता यातलं मूळ कोणतं धरायचं? यांगच दोन वेळा दोन तऱ्हांनी उभे राहिले आहेत.

आणि शेवटी तुमचा २४ चा संच. तो १९५६ सालचा आहे. आपल्याकडे संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती तेव्हा बीजिंगमध्ये सरकारी क्रीडा आयोगानं वस्तादांना बसवून, यांग शैलीचा लांबलचक संच कापून-छाटून, सर्वसामान्य माणसाला पाच-सहा मिनिटांत करता येईल असा हा बेतला. म्हणजे तुमच्या संचाचं 'मूळ' हवंच असेल, तर ते एका सरकारी समितीचं काम आहे. तुम्ही सरकारी खात्यातल्या, तुम्हाला त्याचं उलट कौतुकच वाटायला हवं. जुन्या पेटीत तुमची दहावी हालचाल तशीच्या तशी सापडणार नाही, कारण तुम्ही शिकलात तो संच तेव्हा जन्मालाच आला नव्हता.

आता यजमानांचा टोमणा. तो अर्धा खरा आहे, आणि कोणता अर्धा ते कळलं तर कपाटातल्या पुस्तकांचा उपयोग होईल.

ही पुस्तकं, अगदी छी जिग्वांगच्या पद्यांपासून, ज्याला शिकवणारा मिळालाय त्याच्यासाठी लिहिली गेली. पद्य कशासाठी? वस्तादानं दाखवलेलं विसरू नये म्हणून. भातखंड्यांची क्रमिक पुस्तकमालिका घेऊन बसलेल्या माणसाला यमनची बंदिश स्वरलिपीत सगळी दिसते, पण ज्यानं यमन कधी ऐकलेलाच नाही त्याला तेवढ्यावरून तो गाता येणार नाही. ऐकलेल्याला मात्र तेच पान सोनं असतं. पुस्तकात चूक नसते आणि वाचणाराही कमी नसतो, दोघांच्या मधला एक माणूस तेवढा गैरहजर असतो.

हे तुमच्या गुडघ्यावरच दाखवते. तुम्ही वर्णन केलंय त्यावरून दुखणं चौथ्या हालचालीतून आलं असावं, ती ज्यात एक हात गुडघ्याजवळून झाडल्यासारखा जातो, दुसरा पुढे ढकलतो आणि पावलं टाकत पुढे जायचं असतं. तुमच्या पुस्तकात चित्र सातमध्ये डावा पाय पुढे, हात ढकललेला. चित्र आठमध्ये उजवा पाय पुढे, दुसरा हात ढकललेला. दोन्ही चित्रं बरोबर आहेत. पण सातकडून आठकडे जाताना आधी वजन मागच्या, म्हणजे उजव्या पायावर परत घ्यायचं असतं. मग रिकाम्या झालेल्या डाव्या पायाचा चवडा उचलून टाचेवर तो बाहेर वळवायचा, साधारण पंचेचाळीस अंश. मग त्याच्यावर वजन परत आणायचं, आणि मगच मागचा उजवा पाय उचलायचा. चित्रांत हे काहीच नाही. त्यामुळे घरी शिकणारा माणूस पुढच्या पायावर सगळं वजन ठेवूनच तो पाय जमिनीवर घासत वळवतो. पाऊल जमिनीला चिकटलेलं, मांडी वळलेली, आणि तो पीळ घ्यायला मधे उरतो गुडघा. डावी-उजवी आलटून-पालटून होत असल्यानं दोन्हींना त्रास होतो, तुमचा उजवा आधी बोलला इतकंच.

आता कपाटातलं कुठलंही बरं पुस्तक काढा आणि यांग चेंगफू यांचे दहा मुद्दे शोधा. चेन वेइमिंग यांनी ते टिपून ठेवलेत आणि बहुतेक पुस्तकांत सुरुवातीलाच दिलेले असतात. त्यातला चौथा आहे: भरलेला पाय आणि रिकामा पाय वेगळे ओळखा. तुम्ही तो नक्की वाचलाय, कदाचित खाली रेघही मारली असेल, आणि 'काहीतरी तत्त्वज्ञान असेल' म्हणून पान उलटलं असेल. तो तुमच्या गुडघ्याबद्दल आहे! वळवायचा पाय रिकामा असला पाहिजे. रिकामा आहे का ते पाहायची सोपी खूण म्हणजे कंबर, डोकं काहीही न हलवता तो पाय कागदाच्या जाडीइतका उचलता येतो का? आला तर रिकामा. उचलताना अंग दुसरीकडे कलंडलं, तर तुम्ही अजून त्याच्यावरच उभ्या आहात.

दहाव्या हालचालीचंही असंच आहे. ढगांसारखे हात, बाजूला पाय टाकत जायचं. चित्रात हात फिरताना दिसतात, म्हणून सगळे हातच फिरवतात. खरं तर कंबर वळते, तिच्याबरोबर वजन एका पायावरून दुसऱ्या पायावर सरकतं आणि हात मागोमाग येतात. आठवडाभर हात कमरेवर ठेवून फक्त पाय आणि कंबर करून पाहा. कंटाळवाणं आहे, पण हात मग आपसूक लागतात.

गुडघ्यासाठी मात्र मी डॉक्टर नाही. दुखणं दोन-तीन आठवडे टिकलं असेल, सूज असेल किंवा जिना उतरताना टोचत असेल, तर हाडांच्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा आणि तोवर खाली बसून करू नका. उंच उभं राहून केलं तर ताई ची कमी अस्सल होत नाही.

आता पैसे कुठे घालायचे. शिबिर ज्यांनी घेतलं त्यांना फोन करा आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा, एक तास, फक्त तुमच्यासाठी वेळ मागा. एसटीनं जाऊन संध्याकाळी परत येता येईल. जाताना वहीत प्रश्न लिहून न्या: 'चौथीत वळताना वजन कुठे?' असे नेमके. 'माझं बरोबर होतंय का बघा' असं विचारलंत तर 'छान आहे' हेच उत्तर मिळेल. परवानगी घेऊन त्यांच्याकडून तुमची दुरुस्ती होतानाची चित्रफीत काढून ठेवा. नुसतं त्यांनी करून दाखवलेलं टिपण्यापेक्षा ती जास्त कामाची. ते जमत नसेल तर समोरासमोरचा ऑनलाइन तास घ्या, पण आधी एकच विचारा: तुम्ही माझ्याकडे बघून मला दुरुस्त करणार आहात का, की पंचवीस जणांना एकदम दाखवणार आहात? आधीच चित्रित करून ठेवलेल्या महागड्या कोर्सपेक्षा अशी चार दुरुस्त्यांची शिकवणी कधीही परवडते. फोन कमरेच्या उंचीला, बाजूनं दिसेल असा ठेवा. समोरून सगळ्यांचंच छान दिसतं, चुका बाजूनं कळतात.

जिल्ह्याच्या वुशू (चिनी युद्धकलांचा खेळ) संघटनेतही चौकशी करून ठेवा. वुशू १९९० पासून आशियाई खेळांत आहे, त्यामुळे आपल्याकडे पुष्कळ जिल्ह्यांत तिचे वर्ग चालतात. तिथे बहुतेक भर 'सांडा' या प्रकारावर, म्हणजे प्रत्यक्ष लढतींवर असतो आणि शिकणारी पोरं पंधरा-सोळा वर्षांची असतात, पण एखाद्या प्रशिक्षकानं ताई चीचा संचही केलेला असतो. ज्या वाचकांना स्वसंरक्षण शिकायचंय त्यांनीही तिकडेच जावं. समोर अंगावर येणारा जोडीदार नसताना पुस्तकातून ते शिकता येत नाही, या बाबतीत तुमचे यजमान शंभर टक्के बरोबर आहेत.

फुकटच्या चित्रफिती जरूर पाहा. २४ चा संच चीनमधल्या नामांकित खेळाडूंनी करून दाखवलेला सहज मिळतो. पाठीमागून घेतलेली शोधा, म्हणजे डावं-उजवं मनात उलटवायला लागत नाही. वेग निम्मा करा आणि एका वेळी एकच गोष्ट बघा: आज फक्त मागची टाच, उद्या फक्त कंबर. एकच चित्रफीत धरून राहा. चार जणांच्या चार बघितल्या की त्यांच्यातले फरक जुळवण्यातच सकाळ जाते.

आणि जुनी पुस्तकं? ती वाचाच, पण पैसे देऊन पेटीतून नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतात. सुन लुतांग १९३३ मध्ये गेले, यांग चेंगफू १९३६ मध्ये. त्यांच्या मूळ चिनी पुस्तकांच्या प्रती इंटरनेटवर आहेत, आणि अशा कित्येक पुस्तकांची चांगली इंग्रजी भाषांतरं अनुवादकांनी स्वतःहून मोफत वाचायला ठेवली आहेत. फोनच्या कॅमेऱ्यानं चिनी पानाचं भाषांतर करण्याच्या फंदात मात्र पडू नका. जुनी पद्यं त्याला झेपत नाहीत, आणि तो न समजता बेधडक काहीतरी सांगतो.

इतिहासाची गोडी लागली असेल, आणि तुम्हाला ती लागलीय असं पत्रावरून दिसतं, तर तीन पुस्तकं ग्रंथालयातून मिळवा. मेइर शहार यांचं शाओलिन मठावरचं २००८ सालचं, पीटर लॉर्ज यांचं चिनी युद्धकलांच्या इतिहासावरचं २०१२ चं, आणि ब्रायन केनेडी व एलिझाबेथ ग्वो यांचं २००५ चं, जे खास या शिकवण्याच्या पुस्तकांवरच आहे: ती कोणी लिहिली, का लिहिली, त्यातल्या चित्रांचं काय करायचं. तुमच्यासारख्या पुस्तकवेड्या बाईनं शेवटचं आधी वाचावं. या तिन्हींतून एकही हालचाल शिकायला मिळणार नाही, पण पुढची 'अस्सल' पेटी दिसली की हात आपोआप आखडेल.

नवं पुस्तक घ्यायची इच्छा झालीच तर आधी कुठलीही एक हालचाल उघडून पाहा. दोन मुख्य स्थितींच्या मधली चित्रं आहेत का? वजन कोणत्या पायावर ते प्रत्येक वेळी सांगितलंय का? पाऊल कोणत्या कोनात? हे असेल तर जाड पुठ्ठा, सोनेरी अक्षरं, लेखक कितव्या पिढीतले, यातलं काहीही बघायची गरज नाही. मलपृष्ठावर 'आजवर गुप्त राखलेलं' असं छापलं असेल तर परत ठेवा. साडेचौदा हजारांच्या पेटीत घालून घरपोच येणारं गुपित कसलं?

राहिल्या भिशीतल्या मैत्रिणी. ताई चीचा उपयोग आहे याचा पुरावा चांगला आहे. २०१२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला होता, त्यात ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला आणि पडण्याचं प्रमाण घटलं. पण त्यांनी काय केलं होतं तेही बघा: आठवड्यातून दोनदा, एकेक तास, २४ आठवडे, आणि शिकवायला तयार प्रशिक्षक. नऊ हालचाली येणारी मैत्रीण त्यांच्याकडे नव्हती.

म्हणून शिकवू नका, बरोबर करा. 'मला एवढंच येतं, तेही अजून शिकतेय' हे पहिल्याच दिवशी सांगा आणि पैसे घेऊ नका. ज्यांना गुडघे, ठिसूळ हाडं, चक्कर किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं. सुरुवातीला उभं राहणं, वजन या पायावरून त्या पायावर नेणं आणि मांजराच्या पावलांनी सावकाश चालणं, एवढ्यावर दोन महिने सहज जातात. प्रत्येकीजवळ एक खुर्ची असू द्या. तेराव्या आणि पंधराव्या हालचालीतल्या लाथा, सोळाव्या-सतराव्यातलं खाली बसणं आणि त्यातूनच एका पायावर उठणं, हे तुमच्या शिक्षकांनी तुम्हाला शिकवून 'आता दाखवा' म्हणेपर्यंत त्यांच्यासमोर करूच नका. कुणीतरी फोनवर बघून 'हे पण करू या ना' म्हणणारच. तेव्हा वाईटपणा घ्या. आणि हिशेब तुम्हाला चांगला जमतो, तर भिशीतल्या सहा-सात जणींनी मिळून वर्षातून दोनदा पुण्याच्या शिक्षकांनाच गावात बोलावलं तर दरडोई खर्च किती येतो, तो एकदा मांडून बघा. मला वाटतं, पेटीच्या किमतीच्या बराच खाली येईल.

तुमच्या ता.क.मधल्या दोन शंका. चित्रांतले बाण: बहुतेक चिनी पुस्तकांत सलग रेघ उजव्या हातापायाची आणि तुटक रेघ डाव्याची असते. काहींत उलट असते, म्हणून सुरुवातीचं सूचनांचं पान वाचा. आणि बाण त्या चित्रापर्यंत कसं आलो ते दाखवत नाही, तिथून पुढच्या चित्राकडे कसं जायचं ते दाखवतो. तुमच्या वर्णनावरून तुम्ही तो उलटा धरताय असं दिसतं. निम्मा गोंधळ तिथेच सुटेल.

दुसरी, सगळी पुस्तकं 'दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा' म्हणतात आणि सासूबाईंना ते पटत नाही. तिकडे सम्राट दक्षिणेकडे तोंड करून बसायचा, त्यामुळे ती दिशा त्यांना मानाची, आपल्याकडे ती यमाची. पण पुस्तकातली दक्षिण फक्त नकाशासाठी आहे. गच्चीवर पाण्याच्या टाकीकडे तोंड करून सुरुवात करा आणि तिलाच दक्षिण समजा. फक्त रोज तीच ठेवा, नाहीतर अठराव्या हालचालीला पोहोचाल तेव्हा पुस्तकातलं तिरकं पाऊल नेमकं कोणत्या कोपऱ्याकडे टाकायचं ते कळणार नाही.